ओघळांची बाजू

सगळ्या घरात विटांचे सांधे कसे थापीने साफ केलेले. फक्त मधल्या खोलीतल्या बुजवलेल्या दारावर चुना ओघळून तसाच वाळला होता. नुकतीच जुन्या घरांचे नकाशे काढायला शिकलेल्या तिला ते खटकलं.

“मामा, गवंडी उभा असतो त्या बाजूचे सांधे साफ करतो. ओघळ राहतात ते पलीकडे. म्हणजे हे दार आतून बुजवलंय.”

“मग गवंडी बाहेर कुठून आला?”

तेच तर. त्या पलीकडच्या खोलीला ना दुसरं दार, ना खिडकी. घराला वळसा घालून तिने स्वतः पाहिलं होतं.

“की आपणच आत आहोत, बाईसाहेब?” मामा हसले.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो मामांना दिसलाच.

“झालं. सकाळी एका पालीपायी सगळी आळी गोळा केलीस. आता परत बोंब ठोकलीस तर घर विकत घेणारा मी, काम दुसऱ्याला देईन. भाची असलीस तरी.”

ते टॉर्च आणायला गाडीकडे गेले. तिचं हे पहिलंच काम. दातांवर दात दाबून ती टेप धरून त्या दाराशी वाकली. तिच्या पाठीमागच्या दारातून दुपारचा उजेड समोरच्या विटांवर पडला होता.

थोड्या वेळाने ओल्या चुन्याचा वास आला. मग खर्र... खर्र... विटेवरून लोखंड फिरावं तसं.

मामाच. घाबरवताहेत. वळून पाहिलं की हरले.

ती मापं घेत राहिली. विटांवरचा उजेड पायाकडून वर सरकू लागला... गुडघ्यापर्यंत अंधार, कमरेपर्यंत अंधार... छताजवळ एक पट्टी उरली, तेव्हा कुठे ती वळली.

ती आली होती त्या दारात विटा होत्या. सांध्यासांध्यातून ओला चुना फुगून तिच्या बाजूला ओघळत होता.

“मामा...” ती हळूच म्हणाली. मग मात्र ती जीव खाऊन ओरडली. “मामा... मामा...”

दूर गाडीपाशी मामा फोनवर कुणाला तरी हसत सांगत होते, “काही नाही रे, भाची माझी. दुसरी पाल दिसली असेल.”

तिने पुन्हा हाक मारली.

विटांपलीकडची खरखर थांबली. आणि अगदी कानाशी, लहान मुलाची समजूत घालावी तसं, कुणीतरी म्हणालं,

“ओ... आलोच. एवढी एक वीट बसू दे.”