बर्फावर घसरल्याची गोष्ट

“आई, दे ते लाटणं इकडे. तुझ्याच्यानं होत नाही, उगाच हट्ट.”

लेकाचं, प्रसन्नचं, हे बोलणं नीलाताईंना आता पाठ झालं होतं. उजवं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं, पोळी काही गोल व्हायला तयार नाही आणि दर पोळीमागे तेच पुराण... सांगितलेले बूट घातले नाहीत, न सांगता एकटी दुकानात गेली, बर्फावर घसरली! अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या साऱ्या मित्रमंडळींना त्यानं ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली होती. नीलाताई हसून ऐकून घेत. आतून मात्र काळीज सोलून निघे.

आज तो मंडळाच्या कामात होता. करोनाचं निमित्त करून एशियन लोकांवर हल्ले झाले, त्यासाठी गेल्याच महिन्यात वॉशिंग्टनला कायदा झाला होता; लोकांना आपापल्या भाषेत तक्रार करता यावी असंही त्यात होतं. म्हणून मराठी मंडळानं तक्रारीचा फॉर्म मराठीत करायला घेतला होता. आपल्यात कुणाला काही झालेलं नाही म्हणा, असं म्हणत त्यानं कागद आईपुढे ठेवला, शुद्धलेखन तेवढं बघ म्हणाला आणि मीटिंगला बसला.

नीलाताईंनी चष्मा लावला. घटना कुठे घडली? कोणते शब्द वापरले?... इतके दिवस घरात कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं हो, आणि आज विचारलं ते एका कागदानं! डोळे भरून आले. त्यांनी पेन्सिल उचलली आणि वाकड्या हातानं लिहीत सुटल्या.

मीटिंग संपवून आलेला प्रसन्न उभ्याउभ्याच वाचू लागला. दुकानाचं पार्किंग. तोंडाला ओढणी गुंडाळलेली बघून एक माणूस ओरडला, तुमचा रोग घेऊन परत जा, आणि सामानाची गाडी त्यानं अंगावर ढकलली... तेव्हा तक्रार का केली नाही, या शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं : मुलाच्या ग्रीन कार्डची फाइल चालू होती.

प्रसन्नला आठवलं. त्याच हिवाळ्यात त्याच्या गाडीला कुणीतरी ठोकलं होतं, तेव्हा जेवता जेवता तोच म्हणाला होता, पोलीस-बिलीस नको, कुठे नाव गेलं की फाइल अडकते.

“आई... मार बसलेल्यानं तक्रार केली म्हणून कुणाची फाइल अडत नाही गं. मी आपलं उगाच बोललो होतो.”

“मला काय ठाऊक, बाळा? तू म्हणालास, मी धरून चालले.”

त्यानं ते वाकडं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि लहान मुलासारखा रडला. नीलाताईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. मग हळूच विचारलं, पुसून टाकू का?

नको, म्हणाला तो. पेन्सिलीतलं चालत नाही. त्यानं पेन काढलं आणि आईच्या थरथरत्या अक्षरांवरून एकेक ओळ गिरवू लागला. शेवटच्या ओळीशी मात्र हात थांबला.

“लिही,” नीलाताई म्हणाल्या.