दाराबाहेरची टाळी

तुम्ही विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही घडलेली गोष्ट आहे, आणि ज्याच्यावर गुदरली तो तानिएला माझा सख्खा मामा.

भुतं रात्रीची येतात म्हणे. हे भरदुपारी घडलं. फिजीमधल्या कंदावू बेटावरच्या आमच्या गावात, २००७ च्या जुलैमध्ये, सभाघरात अख्खं गाव बसलेलं असताना.

मामा तेव्हा गावचा मुखिया होता. राजधानीतून, सुवाहून, बोटीने पाहुणे आले होते. पन्नास वर्षांपूर्वी इंग्रजांनी ख्रिसमस बेटाजवळ अणुबॉम्ब फोडून पाहिले, तेव्हा आपल्या फिजीचे सैनिकही तिथे नेले होते. त्यांची ही संघटना. गावोगाव जाऊन मेलेल्या सोबत्यांची आठवण करायची आणि लंडनच्या सरकारने माफी मागावी म्हणून माणसं गोळा करायची, हे त्यांचं काम.

आमच्या गावातून गेलेला एकच. रुसिआते. तो वारून बरीच वर्षं झाली होती. मागे त्याची बायको होती, सेनिमिली काकू.

पाहुण्यांचा म्होरक्या नेमानी. सत्तरी उलटलेली, डोक्यावर एक केस नाही, तोंड मात्र अखंड चालू.

"आम्हाला म्हणाले, समुद्राकडे पाठ करून बसा आणि डोळे मिटा," तो सांगत होता. "झालं, एवढंच संरक्षण! आमची बायको चुलीवरचं भांडं उतरवताना यापेक्षा जास्त काळजी घेते."

सगळे खो खो हसले.

"आणि माफीचं म्हणाल, तर ती कशी मागायची हे त्या लोकांना कुणी शिकवलंच नाही. आपल्याकडे बघा. चूक झाली की माणूस देवमाशाचा दात घेऊन दारात जातो, गुडघे टेकतो. विषय संपला."

"खरंय, खरंय," मामा म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला.

संघटनेची एक रीत होती. यांगोना म्हणजे आमचं मानाचं पेय; काठवटीत त्याची कुटलेली मुळी पाण्यात कालवली की पहिली करवंटी जिवंत माणसाला द्यायची नाही. गेलेल्या सोबत्याची जागा चटईवर मोकळी ठेवायची आणि करवंटी तिथे ठेवायची.

"रुसिआते कुठे बसायचा रे?" नेमानीने विचारलं.

मामाने वरच्या अंगाला हात केला. "तिथे. माझ्या वडिलांच्या शेजारी. गावाची शान होता तो."

खोटं होतं ते. साफ खोटं.

आमच्याकडे वरचं अंग मानाचं, दाराकडचं साध्या माणसांचं. रुसिआतेला दाराकडेही जागा नव्हती. ख्रिसमस बेटावरून आल्यावर त्याच्या अंगाची सालं निघायची. लोकांना वाटलं, रोग संसर्गाचा आहे. तो बाहेर गवतावर बसायचा. त्याची यांगोना वेगळ्या पत्र्याच्या कपातून बाहेर जायची. त्याला कुणी हाकललं नव्हतं. आत ये असंही मरेपर्यंत कुणी म्हटलं नाही.

गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे माहीत होतं. सगळे चटईकडे बघत बसले. सेनिमिली काकू तेवढी मामाकडे बघत होती.

करवंटी त्या मोकळ्या जागेसमोर ठेवली गेली.

करवंटी घेताना एक टाळी द्यायची असते. मेलेल्याच्या वतीने नेमानी ती देणार होता. त्याने हात उचलले...

आणि टाळी वाजली.

बाहेरून.

नेमानीचे हात तसेच राहिले. "बाहेर कोण बसलंय? अहो, आत या की! आम्ही काय सरकारी माणसं आहोत लाजायला?"

कुणी आलं नाही.

"पोरं असतील," मामा म्हणाला. ती टाळी त्याने ओळखली होती.

रुसिआतेच्या तळव्याची कातडी आखडली होती. त्याची टाळी घुमायची नाही, चपटी वाजायची. ओलं फडकं दगडावर आपटावं तशी.

दाराशी बसलेल्या एका बाईने वाकून पाहिलं. गवत मोकळं होतं. कुत्रं दिसलं, तेही अंगणाच्या टोकाला जाऊन उभं राहिलेलं.

मग थोडा वेळ काहीच नाही...

समुद्राचा आवाजसुद्धा नाही. माशीसुद्धा नाही.

मग तीन टाळ्या. सावकाश. एक... एक... एक.

तीन टाळ्या म्हणजे करवंटी रिकामी झाली.

नेमानीने हात लांब करून करवंटी उचलली. आत थेंब नव्हता. खाली चटई कोरडी होती.

त्याची मस्करी कुठल्या कुठे गेली. तो हळूच म्हणाला, "हा आमचाच माणूस आहे. पण मग आत का येत नाही?"

मामाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं. पाहुण्यांसमोर मान खाली गेली म्हणून नव्हे. दोन घटकांपूर्वी आपण माफीच्या गप्पांना मान डोलावली, याची त्याला शरम वाटली.

सेनिमिली काकू बोलली. आवाज चढवला नाही.

"कसा येईल? तुम्ही त्याला कधी बोलावलंत?"

मग तिने पाहुण्यांना सगळं सांगितलं. गवत, कप, सालं, सगळं. मामा ऐकत राहिला. त्यातलं एकही अक्षर त्याला खोडता आलं नाही.

तो उठला. घरातून देवमाशाचा दात आणला, बाहेर गवतावर जाऊन गुडघे टेकले. त्याच्यामागे एकेक करून सारं गाव बाहेर येऊन बसलं. दात दोन्ही हातांत पुढे धरून मामा म्हणाला,

"रुसिआते काका, आमचं चुकलं. तुम्हाला बाहेर ठेवलं आणि आज खोटंही बोललो. मी बोललो. हा दात घ्या. आत चला."

माफी मान्य असेल तर समोरचा टाळी देतो.

सगळे कान देऊन बसले. मघाशी जिच्या आवाजाने अंगावर काटा आला, तीच टाळी आता यावी म्हणून माणसं श्वास रोखून होती.

काही नाही...

सावल्या लांबल्या. मामाने दात काही खाली ठेवला नाही.

नेमानी काकूजवळ सरकला. "वहिनी, त्याच्या वतीने तुम्ही द्या टाळी. सुटू दे बिचारा."

काकूने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"माझं मी कधीच सोडून दिलंय, भाऊजी," ती म्हणाली. "त्याचं मी कसं सोडू?"

दिवस मावळला तरी टाळी आली नाही.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. सभाघरात काठवट मांडली की पहिली करवंटी रुसिआतेची. मामा दारात उभा राहून हाक मारतो, "काका, आत या." मग सगळे गप्प बसून ऐकतात. मी स्वतः तिथे बसून ऐकलंय. बाहेर कुणीतरी आहे असं वाटत राहतं, मानेवर नजर जाणवते. पण आवाज येत नाही.

नेमानीचा सुवाहून अधूनमधून फोन येतो. म्हणतो, लंडनहून अजून माफीचा शब्द नाही.

मामा म्हणतो, "इथेही नाही."