मुकी केलेली गाडी

अर्णव, तुझ्या त्या जुन्या गाडीच्या आवाजाचं रडगाणं संध्याकाळपासून ऐकतोय मी. करशील रे कमी, त्यात काय एवढं. पण आधी हे ऐक. देवश्री, तूही ये इकडे, आणि तो फोन उपडा ठेव. ही कुठली ऐकीव थाप नाही. रत्नाकर माझ्याच प्रयोगशाळेतला, माझ्या शेजारच्या टेबलावरचा. यंत्रांचे आवाज मोजायचे आणि कमी करायचे, हेच आमचं काम. आणि यातला शेवट तर मी स्वतः... असू दे. क्रमानं सांगतो.

तर रत्नाकर एका रविवारी सकाळी गाडी घेऊन हेब्बाळच्या गुंडूअण्णाच्या गॅरेजवर गेला. काम साधं होतं. पांढरी डिझेल गाडी, वय झालेली, इंजिन फार वाजायचं. तेवढा आवाज घालवायचा होता.

"आवाज घालवायचा म्हंजे?" गुंडूअण्णा निपाणीकडचा, मराठी आणि कन्नड दोन्ही सारखंच फाडफाड. "इंजिन म्हातारं झालंय सर. म्हातारं माणूस स्वल्प खोकणारच की."

"खोकला नको," रत्नाकर म्हणाला. "अजिबात नको."

आता हा हट्ट कशासाठी, ते सांगतो. गाडी मुळात रत्नाकरची नव्हतीच, योगीराजची होती. योगीराज म्हणजे शुभदाचा पहिला नवरा. ऐन उमेदीत तापानं गेला बिचारा. पुढे काही वर्षांनी रत्नाकरनं शुभदाशी लग्न केलं. हा पुण्याहून आलेला, चाळिशी उलटलेला, एकटा. ती गुणाची बाई, हेब्बाळला तिचं स्वतःचं घर. तिची अट एकच होती, की गाडी विकायची नाही. यानं हसत हसत मान्य केली. नव्या नवरदेवाला काय, चंद्र मागितला असता तरी हो म्हणाला असता.

त्या गाडीचा आवाज लाखात ओळखू यायचा. इंजिनाची टकटक, पट्ट्याची बारीक किंकाळी, आणि बंद करताना शेवटी दोन धक्के. गाडी बेकरीच्या कोपऱ्यावर वळली की शुभदाला स्वयंपाकघरात कळायचं. केस सारखे करत ती बाहेर यायची आणि फाटकाची दोन्ही दारं सताड उघडायची. चेहरा काय फुललेला असायचा! मग रत्नाकर गाडीतून उतरायचा, आणि तो चेहरा उतरायचा. जरासाच. पण हा बारीक फरक मोजून पगार घेणारा माणूस, त्याच्या नजरेतून सुटतोय होय? आत गेलं की गॅसवर कॉफी उकळत असायची. रत्नाकर पक्का चहावाला. "अय्या, विसरलेच," म्हणत ती चहाचं आधण ठेवायची. कॉफी योगीराज प्यायचा.

एकदा गाडी बंद पडली म्हणून हा ऑटोनं घरी आला. फाटक बंद. बेल वाजवावी लागली. दार उघडून शुभदा म्हणाली, "तुम्ही होय?"

त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. फाटक आपल्यासाठी उघडत नाही, आवाजासाठी उघडतं, हे त्याला कळून चुकलं. जळत होता रे तो, आतून जळत होता. जिवंत माणसावर जळलं तर निदान त्याच्याशी भांडता तरी येतं. हार घातलेल्या फोटोशी काय भांडणार? गाडी विकणार नाही असं त्यानं कबूल केलं होतं. पण तिचा आवाज बंद करणार नाही, असं थोडंच कबूल केलं होतं?

मग काय, रविवारमागून रविवार तो आणि गुंडूअण्णा बॉनेटखाली डोकं घालून राहिले. व्हॉल्व्हची वाढलेली फट नेमकी बसवली, टकटक गेली. पट्टा आणि पुली बदलली, किंकाळी गेली. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाटली होती, ती नवी घातली आणि शेवटचे दोन धक्केही गेले. बॉनेटला आतून जाड अस्तर लावलं. एकेक आवाज गेला की रत्नाकरला बरं वाटायचं, योगीराजचा एकेक शर्ट कपाटातून काढून टाकल्यासारखं.

"आता चोरून घरात शिरायला बरी गाडी," गुंडूअण्णा हसला.

त्या संध्याकाळी रत्नाकर फाटकापाशी येऊन थांबला. आतून कुणी आलं नाही. त्यानं हॉर्न दिला. शुभदा लगबगीनं बाहेर आली, हाताला कणीक लागलेली. "अगंबाई, तुम्ही आलात? कळलंच नाही मला," म्हणून हसली. ते हसू त्याच्यासाठी होतं, त्याच्याकडे बघून आलेलं. आत चहा मिळाला. पुढचे काही आठवडे हा ऑफिसात शीळ वाजवत फिरायचा, आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली.

बसवनगुडीला कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्रा भरते ना, कडलेकाई परिषे? गेल्या वर्षीचा तोच सोमवार. शुभदाला आवडतात म्हणून रत्नाकर मुद्दाम तिकडून शेंगा घेऊन निघाला. ट्रॅफिकमधून वाट काढत रात्री घरी पोचला, तर फाटक सताड उघडं. दोन्ही दारं. पोर्चमधला दिवा लागलेला. आणि कॉफीचा वास.

शुभदा स्वयंपाकघरात होती. गुणगुणत होती.

"फाटक कुणी उघडलं?"

"मीच. गाडीचा आवाज आला ना."

"कधी?"

"मघाशी." ती वळली. चेहरा फुललेला होता. "तुम्ही हातपाय धुवायला गेला होतात ना?"

"शुभदा, मी आत्ता येतोय."

तो चेहरा हळूहळू उतरला. टेबलावर एक कप होता. कॉफीचा. रिकामा...

दुसऱ्या दिवशी सकाळीच हा गुंडूअण्णाच्या दारात. "होता तसा आवाज परत आण." त्याचं म्हणणं असं, की आवाज निदान आपल्या गाडीत तरी असू दे. दुसऱ्या कुणाबरोबर घरी यायला नको. गुंडूअण्णानं थट्टा केली, पण कामाला लागला. व्हॉल्व्हची फट पुन्हा वाढवली. जुना पट्टा घातला. फाटकी रबरं अडगळीतून शोधून बसवली. बॉनेटचं अस्तर ओरबाडून काढलं. चावी फिरवली.

इंजिन थरथरलं. सगळी गाडी गदगदा हलायला लागली. आरसा हलत होता, काचा हलत होत्या.

आवाज नाही.

गुंडूअण्णाची थट्टा तिथंच थांबली. "सर, माझ्याच्यानं हे हुईना. घेऊन जावा ही."

रत्नाकरनं रजा टाकली. संध्याकाळी हॉलमध्ये खुर्ची टाकून बसला, खिडकीतून गाडी दिसेल अशी. गाडी पोर्चमध्ये. चावी त्याच्या मुठीत. अंधार पडला.

बेकरीच्या कोपऱ्यावरून आवाज आला.

टकटक. मग ती किंकाळी. जवळ. आणखी जवळ.

शुभदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. केस सारखे करत.

"शुभदा, मी इथं आहे."

"हो," ती म्हणाली. "दिसताय की."

त्यानं तिचा हात धरला. "जाऊ नकोस. माझ्याकडे बघ. मी आहे ना?"

तिनं बघितलं. मायेनं बघितलं रे... परक्याकडे बघावं तसं नाही. मग हळूच हात सोडवून घेतला.

"फाटक उघडून येते. ते ताटकळतील."

बाहेर दोन धक्के ऐकू आले. मग शांत.

महिन्याभरात रत्नाकरनं गाडी भंगारात घातली. घर बंद केलं. देवनहळ्ळीला विमानतळाकडच्या नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्याला वाटलं होतं ती अडून बसेल, रडेल. तिनं एका शब्दानं विरोध केला नाही. सामान बांधायलासुद्धा पुढे तीच होती.

या उन्हाळ्यात मला त्यांनी जेवायला बोलावलं. जेवणं झाली. मी आणि रत्नाकर हॉलमध्ये पान खात बसलो होतो. खाली रस्ता एवढासा दिसत होता. बोलता बोलता रत्नाकर गप्प झाला. मान वर करून ऐकायला लागला. मला काही ऐकू आलं नाही. देवाशपथ सांगतो, काहीच नाही.

शुभदा उठली. पुढचं दार सताड उघडलं. जरा बाजूला होऊन उभी राहिली. मग दार लावून आत गेली. थोड्या वेळानं कॉफीचा वास आला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

हॉलमध्ये पांढरी शुभ्र फरशी. रत्नाकर एकटक खाली बघत होता. मी बघितलं. सोफ्याच्या आणि टेबलाच्या मध्ये... तेलाचा एक थेंब. काळा. रुपयाएवढा. आम्ही बसलो तेव्हा नव्हता.

रत्नाकर वाकला. त्याला बोट लावलं.

झटकन मागे घेतलं. पोळलं होतं.

आतून शुभदाचा आवाज आला. अगदी शांत.

"राहू द्या हो. मी पुसते. रोज मीच पुसते."