परतल्याची सही

मंगळवारी दुपारी मी कुंपणावर नेसाची दुपटी वाळत घालत होते, तेव्हा ट्रेहर्न सायकलवरून आला. कॅनडाचा वैमानिक. त्याचं विमान आमच्या आयर्लंडात कोसळलं. या लढाईत आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, म्हणून युद्ध संपेपर्यंत त्याला माळावरच्या छावणीत कोंडलेलं. दुपारी मात्र मोकळीक. फाटकावरच्या वहीत जायचं ठिकाण लिहायचं, सही करायची, सहाच्या आत परतायचा शब्द द्यायचा. परतल्याची सही झाली की शब्द फिटला.

"पळून का नाही जात हो?" मी चहा ओतत विचारलं.

"आणि बेइमान म्हणून आईला तोंड दाखवू? त्यापेक्षा तुमचा हा डांबरासारखा चहा परवडला."

दीड वर्षाची नेसा, एरवी परक्याकडे न जाणारी, त्याच्या कॉलरला चिकटून बसली. उतरवताना मला तिची बोटं सोडवावी लागली.

संध्याकाळी तो परतला नाही. छावणीच्या फाटकावर पहाऱ्याला माझा नवरा फिन्टन होता. सहा वाजले, साडेसहा झाले. शब्द मोडल्याची नोंद झाली तर बिचाऱ्याची अब्रू जाईल, येईलच एवढ्यात, म्हणून फिन्टनने परतल्याची सही स्वतःच ठोकली. आमच्याकडे नियम असा भल्या माणसापुढे वाकतो.

बुधवारी पहाटे ट्रेहर्न कालव्यात सापडला. सायकलसकट.

"जाऊन खरं सांग," मी म्हणाले. लग्नानंतर शाळेतली नोकरी गेली, तरी माझा गणितावरचा विश्वास गेला नव्हता. चूक खोडली की उत्तर जुळतं.

"सांगितलं गं. साहेब म्हणाले, प्यायलायस का? सकाळच्या हजेरीला ट्रेहर्नचं नाव घेतलं तर 'हजर' आलं. त्याच्याच आवाजात. रांगेत जागा रिकामी."

"आणि प्रेत?"

"शवागारात आहे. साहेबांनी ते पाहिलं, 'हजर'ही ऐकलं. आता ती सही खोडायला कुणी धजत नाही."

गुरुवारी तीन वाजता फिन्टन धावत आला. टोपी नव्हती.

"वही उघडली तर त्याची बाहेर पडल्याची सही. दोनची. शाई ओली."

"ठिकाण?"

"आपलं घर."

मी आतल्या खोलीत पळाले. खिडकी बंद, कडी लावलेली. नेसा पाळण्यात झोपली होती. मी तिला दुपट्यासकट उचलून घट्ट धरलं.

"आत्ताच्या आत्ता जा आणि त्याच्या परतल्याची सही कर. मागे केलीस तशी."

"झालीय. पावणेतीनची. मी नाही केली."

"मग गेला ना परत! सुटलो."

फिन्टनने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बराकीत एक मूल रडतंय," तो म्हणाला. "दिसत नाही. 'मम्मा, मम्मा' करतंय. सगळ्यांना ऐकू येतंय."

मी नेसाच्या छातीवर हात ठेवला.

मग हात जरा सरकवला.

मग पुन्हा.