भेडलेवाडीचा चौथा खांदा

ताप कुणाला यावा आणि कुणाला येऊ नये, याचा काही नेम नसतो म्हणतात. पण भेडलेवाडीत त्या फाल्गुनात जो ताप आला, त्याचं वागणं अगदीच उफराटं होतं. गुणाजी गावडे दिवसभर काजूच्या बागेत उघड्या पायांनी हिंडायचा, रानातली लाकडं आणायचा, दुपारी तिथेच पाल्यावर आडवा व्हायचा. तो ठणठणीत. आणि केतकीचे बाबा पुंडलिक गवस, जे आपली पिठाची गिरण सोडून परसापर्यंतसुद्धा कधी जायचे नाहीत, ते मात्र तालुक्याच्या इस्पितळात तापाने फणफणून पडले होते. हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा महादेव सुतार सोमवारी गेला. त्या दिवसापासून गावात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

अकरा वर्षांची केतकी गिरणीच्या बंद दारापाशी बसून राही. आई इस्पितळात, घरी फक्त आजोबा, आणि आजोबा बोलतील तर शपथ. तिला सोबत होती ती पोतेऱ्याची.

पोतेऱ्या हा आरोग्य खात्याने रानाच्या कडेच्या गावांत पाठवलेला यंत्रमानव. त्याला सहा पाय होते, पाठीवर उन्हावर चालणारी तबकडी होती आणि पोटात एक छोटी प्रयोगशाळा होती. एक पांढरंशुभ्र जाड कापड जमिनीवरून ओढत तो दिवसभर फिरायचा. जमीन पुसत फिरतो म्हणून पोरांनी त्याला फरशी पुसायच्या फडक्याचं नाव देऊन टाकलं. खात्याने दिलेलं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते त्याच्या स्वतःशिवाय कुणाच्याच लक्षात नव्हतं.

त्या सकाळी तो गिरणीपाशी येऊन थांबला.

"केतकी, मी कोड्यात पडलो आहे," तो म्हणाला. पोतेऱ्या पुस्तकातलं मराठी बोलायचा.

"तू पण?" केतकी म्हणाली. "डॉक्टरांका कळणा नाय, तुका कळणा नाय. मग बाबांचा काय होतला?"

पोतेऱ्याने जेवढं ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. त्याला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "तुझ्या बाबांच्या रक्तात एक नवा विषाणू (जिवंत पेशीत शिरूनच वाढू शकणारा अतिसूक्ष्म कण) सापडला आहे. अशा घराण्यातले विषाणू गोचिडींच्या चाव्यातून पसरतात. म्हणून मी गोचिडी शोधतो आहे. माझं कापड मी गरम करतो, त्यातून उच्छ्वासासारखी हवा सोडतो. गोचिडीला वाटतं कुणीतरी जनावर आलं, आणि ती कापडाला चिकटते. काजूच्या बागेत अगदी थोड्या मिळाल्या, शाळेत एकही नाही. आणि मारुतीच्या देवळाच्या अंगणात हे बघ."

त्याने कापड उलगडलं. त्यावर कुणीतरी तीळ सांडल्यासारखे ठिपके होते आणि ते चालत होते.

केतकी दचकून मागे सरली.

"घाबरू नकोस, त्या आता बंद कुपीत जातील. कोडं असं, की रानातला जीव रान सोडून देवळाच्या अंगणात एवढ्या संख्येने कसा आला?"

"ते वानराबरोबर इले असतील," केतकी सहज बोलून गेली.

"कोणत्या वानराबरोबर?"

केतकीने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट या शहाण्याला माहीत नव्हती! पण त्याचा तरी काय दोष? यंत्राला कोण कशाला सुतकाची बातमी सांगतो? पोतेऱ्या येण्याआधी गावात एक वानर मेलं होतं. भेडलेवाडीत मेलेलं वानर म्हणजे मारुतीरायाचं रूप. त्याला कुणी फेकून देत नाही. त्याची तिरडी बांधली, गुलाल-फुलं वाहिली, देवळाच्या अंगणात दर्शनाला ठेवलं. आयाबायांनी पाया पडून घेतलं. मग चौघांनी खांदा दिला आणि टाळ-मृदंगाच्या गजरात ते सीमेवर नेऊन पुरलं.

"चौघे कोण?" पोतेऱ्याने विचारलं.

"महादेवकाका, दोघे परब... आणि पुढे बाबा." बोलता बोलता केतकीच्या ध्यानात आलं. चौघांनाही तोच ताप आला होता. "आणि गुणाजीकाको तेव्हा बहिणीकडे गेल्लो. तो नव्हतोच!"

पोतेऱ्याने चौघांची नावं टिपून घेतली. त्याच्या पोटातली यंत्रं गुणगुणत होती.

"आता नीट ऐक," तो म्हणाला. "गोचीड ही परजीवी (दुसऱ्या जिवावर पोसणारा जीव). हा विषाणू रानात बहुधा फार वर्षांपासून असावा. उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात तो फिरत राहतो. त्यांना त्याची सवय झालेली असते, म्हणून कुणी फारसं मरत नाही. आपण रान तोडून बागा केल्या, रस्ते काढले. वानरं बोंडं खायला बागेत उतरली, तिथल्या गोचिडी त्यांना चावल्या. वानराच्या शरीराला या विषाणूची सवय नाही, म्हणून ते मरतं. माणसाचंही तेच. आपण ज्याला नवा रोग म्हणतो तो पुष्कळदा जुनाच असतो. आपली त्याच्याशी गाठ नवी पडलेली असते."

"पण वानर तर मेलो हुतो. मेलेलो काय करतलो?"

"तीच तर मेख आहे. वानर जिवंत आणि ऊबदार असतं तोवर गोचिडी त्याच्या अंगावर निवांत असतात. ते मेलं की अंग गार पडतं, रक्त थांबतं. मग त्या उतरतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. जवळ जो असेल त्याचं."

केतकीच्या डोळ्यांसमोर बाबांचा खांदा आला. नुकतीच अंघोळ झालेला, उघडा, घामेजलेला. तिला रडू फुटलं. बाबांनी काही वाईट केलं नव्हतं, देवाचंच काम केलं होतं. ते जास्तच लागत होतं.

तेवढ्यात वरच्या वाडीकडून टाळ वाजले. रस्त्याने धावत येणारा मुलगा ओरडला, "फणसाखाली आणखी एक वानर मेलो! देवळाकडे नेतहत!"

केतकीने डोळे पुसले आणि ती धावत सुटली. आजोबा सकाळीच धोतर नेसून, टोपी घालून बाहेर पडले होते. कुठे, ते आता तिला कळलं.

फणसाखाली तीस-चाळीस माणसं जमली होती. तिरडी बांधून झाली होती. आजोबा अंगरखा काढून पुढच्या बांबूपाशी वाकत होते. मुलगा इस्पितळात, म्हणून त्याची जागा बाप घेत होता.

"आजोबा, हात लाव नका!" केतकी किंचाळली. "बाबांचो ताप हयसूनच इलो!"

"गप रव चेडवा," आजोबा नातीवर गरजले. "मारुतीरायाक कुत्र्यासारखो टाकूचो? देवाचो कोप झालो म्हणान तर गावात मरण इला. आता तरी नीट करूया."

"कोप नाय ओ, गोचिडी!"

कुणी हसलं नाही, पण कुणी ऐकलंही नाही. अशा वेळी पोरांचं कोण ऐकतं? मागून पोतेऱ्या खडखडत आला आणि म्हणाला, "मला फक्त थोडा वेळ द्या. सगळे मागे सरा." त्याने आपलं पांढरं कापड वानराशेजारी पसरलं. कापड हळूहळू तापलं. माणसं कुरकुरत उभी राहिली.

आधी एक ठिपका दिसला. मग चार. मग वानराच्या मानेपासून, काखेतून, फुलांच्या हारांखालून बारीक काळी रांग निघाली आणि पांढऱ्या कापडावर चढू लागली. बघता बघता कापडाची एक कड करडी झाली. एका बाईने तोंडावर पदर घेतला.

"हे कापड नसतं," पोतेऱ्या म्हणाला, "तर या तुमच्या खांद्यावर आल्या असत्या."

आजोबा कापडाकडे बघत राहिले. मग ते दोन पावलं मागे आले आणि मातीतच बसले.

"त्या दिवशी पुंडलिक मागे हुतो," ते म्हणाले. "पुढचो खांदो मानाचो म्हणान मीच तेका पुढे केलंय. मीच."

केतकी त्यांना बिलगली. यात आजोबांचा दोष नव्हता हे तिला कळत होतं, पण तसं सांगून त्यांना बरं वाटणार नाही, हेही कळत होतं.

बऱ्याच वेळाने कुणीतरी विचारलं, "मग खांदो कोण देतलो?"

"मी देईन," पोतेऱ्या म्हणाला. "माझ्या अंगात रक्त नाही. गोचिडींना माझा काही उपयोग नाही."

त्याने वानरावर आणि आजूबाजूच्या पाल्यावर औषधी भुकटी टाकली. तिरडी पाठीवर घेतली आणि तो एकटाच सीमेकडे निघाला. या वेळी पुरायचं नाही, जाळायचं, असं त्याने सांगितलं आणि कुणी नाही म्हटलं नाही. गाव दूर रस्त्यावरून भजन म्हणत चाललं. आवाज चढत नव्हता.

धूर वर जाताना केतकीने विचारलं, "पोतेऱ्या, बाबा बरे होतले?"

"मला माहीत नाही. डॉक्टरांना मी सगळं कळवलं आहे. नेमकं औषध अजून नाही, पण कशाशी झुंज आहे हे त्यांना आता ठाऊक आहे. जे बरे होतील त्यांच्या रक्तावरून लस शोधता येईल. आणि हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जाताना दिसलेला नाही, तेव्हा तुझी आई त्यांच्या उशाशी बसू शकते."

एवढ्या मोठ्या दुःखात एवढीशीच आशा होती, पण ती खरी होती.

घरी आल्यावर आजोबांनी अंगणात बसून खालच्या गावच्या पुजाऱ्याला फोन लावला. मग पलीकडच्या गावाला, मग त्याच्याही पलीकडे. प्रत्येकाला ते तेच सांगत होते.

"वानर मेलेलो दिसलो तर आदी आमका कळवा. लांबूनच हात जोडा. खांदो देव नकात. आमी दिलो."