फुटक्या काचेचं वाक्य

रद्दीवाल्याशी तिची पहिली गाठ पडली ती भांडणातच. ती तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांच्या दारात उभी होती. घसा खरवडून सांगत होती, की आजपासून फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला निळा डबा असेल, कागद, पत्रा, प्लास्टिक, काच, बाटल्या त्यात टाकायच्या, पालिकेची गाडी सकाळी येऊन नेईल… आणि खालून जिन्यातून अशी काही आरोळी आली, “रद्दीऽऽ, भंगाऽऽर,” की आजोबा तिला तिथेच सोडून, रद्दीचा गठ्ठा काखेत मारून खाली चालते झाले.

ती तरातरा खाली उतरली. बाहेर सकाळपासून बारीक, चिकट पाऊस लागला होता. शेवटच्या पायरीवर तो गठ्ठा बांधत बसला होता. केसांतून पाणी ठिबकत होतं, दातांत सुतळी धरलेली.

“तुम्हाला जरा हळू ओरडता येत नाही?”

त्याने सुतळी काढली. “हळू ओरडलं की त्याला बोलणं म्हणतात, बाई. त्यावर पोट भरत नाही.”

“मी पालिकेकडून आलेय.”

“ते कळलं. टोपीपासून बुटांपर्यंत निळ्या आहात… निळीबाई.”

हसू येऊ नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले खरे, पण त्याने ते बघितलंच.

आता यात प्रेमात पडण्यासारखं काय होतं, देव जाणे. कारण ती जितकं चोख काम करणार, तितकी त्याची हातगाडी रिकामी होणार, हे दोघांनाही पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. त्याच्या घरी दम्याने अंथरुणाला खिळलेली आई, आणि गाडी फिरली तरच चूल पेटायची. तिची नोकरी कंत्राटी. डबे भरले नाहीत, तर तिलाही घरी बसावं लागणार होतं. तरी रोज ती दारं वाजवत वर जायची, तो खालच्या पायरीवर रद्दी लावत बसायचा, आणि ती खाली आली की दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घ्यायची.

“आज किती इमारती गिळल्यात?” तो विचारायचा.

“दोन. तिसरी घशात अडकलीय. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, आमचा रद्दीवाला देखणा आहे, आम्ही डब्यात काही टाकणार नाही.”

“काकूंची नजर चांगली आहे.”

“काकूंना मोतीबिंदू आहे.”

तो खो खो हसला. हसता हसता त्याची नजर बाहेरच्या हातगाडीकडे गेली. तिच्यावर एकच गठ्ठा होता, तोही भिजलेला. हसू तिथेच विरलं. तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या ओल्या मनगटावर ठेवला. त्याने हात काढून घेतला नाही.

थंडी पडेपर्यंत गल्लीच्या गल्ली निळ्या डब्यांनी भरली, आणि हातगाडी भिंतीला उलटी लागली. तिने साहेबांच्या हातापाया पडून त्याला पालिकेच्या गाडीवर डबे रिकामे करायच्या कामाला लावलं. ती त्याच्या घरी गेली तेव्हा त्याची आई तिच्याकडे बघत धापा टाकत म्हणाली, “आधी पोराची गाडी घालवलीस, मग नोकरी लावलीस. आता पुढचंही काय ते लवकर उरक, पोरी. मला फार वेळ नाही.” तिचे कान लाल झाले. तो भिंतीकडे तोंड करून हसत राहिला.

मग सकाळी गाडी वळणावर आली की तो मागच्या दांड्याला एका हाताने लटकून दुसरा हात तिच्याकडे बघून हलवायचा.

“रविवारी येतो तुझ्या दादाला विचारायला,” एकदा तो म्हणाला.

“काय विचारणार?”

“तुमच्या घरातली एक निळी वस्तू… आमच्या दारात ठेवायला देता का?”

त्या रविवारच्या आधीच घात झाला. एका घरात आरसा फुटला होता, आणि तुकडे त्यांनी निळ्या डब्यात टाकले होते. डबा काही केल्या रिकामा होईना, म्हणून याने आत हात घातला आणि अडकलेला पुठ्ठा ओढला. पातळ कापडी हातमोजा, काचेपुढे त्याचा काय पाड लागणार? गाडीचा ड्रायव्हर त्याला दवाखान्यात घेऊन गेला. जखम शिवली गेली, पण डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताच्या नसा तुटल्यात, तीन बोटं पुन्हा वळायची नाहीत.

ड्रायव्हरने तिला इमारतीचं नाव सांगितलं. तिथली दारं तिनेच वाजवली होती. त्या घरच्यांचं काय चुकलं होतं? काच निळ्या डब्यात, असं तिनेच सांगितलं होतं. त्यापुढे सांगायचं आणखी एक वाक्य होतं… फुटलेली काच डब्यात टाकायची नाही, जाड कागदात गुंडाळून वेगळी गाडीवाल्याच्या हातात द्यायची. ते वाक्य ती तिथे बोललीच नव्हती.

ती त्याच्या घरी गेली. तो आडवा होता, पट्ट्यांनी पांढरा शुभ्र झालेला हात उशीवर ठेवलेला. आतल्या खोलीत आई खोकत होती.

“बस.”

“नाही. आधी ऐक.” तिने बूटसुद्धा काढले नव्हते. “फुटक्या काचेचं वाक्य मी गाळत होते. शेवटी शेवटी सगळीकडेच. चहाला उशीर होतो म्हणून… तुझ्याकडे यायला उशीर होतो म्हणून.”

तो छताकडे बघत राहिला.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“रद्दी लावायला इतका वेळ लागतो होय? मी खाली बसून तुझं बोलणं ऐकायचो. जिन्यात सगळं ऐकू येतं. पाठ झालं होतं मला. एके दिवशी शेवटचं वाक्य आलंच नाही… आणि तुझी पावलं खाली यायला लागली.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू परत वर गेली असतीस.” त्याचा आवाज फाटला. “मला तू लवकर खाली यायला हवी होतीस.”

ती त्याच्या खाटेशी खाली बसली. मग दोघंही रडली, एकमेकांकडे न बघता. आतून आई विचारत राहिली, कोण आलंय.

“रविवारी दादाकडे येणार होतास,” डोळे पुसून ती म्हणाली.

“कोणत्या तोंडाने येऊ? गाडी नाही, नोकरी नाही, हा असा हात. बहिणीला काय खायला घालणार, असं विचारतील ना ते.”

“मी घालीन. तुला, तुझ्या आईला.”

“अपराधी वाटतंय म्हणून?”

“वाटतंयच. जन्मभर वाटेल. पण तू त्याच्या आधीपासून आवडतोस मला… त्याचं काय करू?”

तो हो म्हणाला नाही. तिने माठातलं पाणी दिलं. त्याला डाव्या हाताने पेला नीट धरता येईना, सांडलेलं तिने पुसलं आणि उठली.

“उद्या येऊ?”

“ये.” ती उंबऱ्यापर्यंत पोचली तेव्हा तो म्हणाला, “पण उशिरा ये. सगळ्या दारांत शेवटपर्यंत बोलून ये. आधी झालेल्या इमारतींतसुद्धा. मी थांबतो.”

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दिवे लागले होते. सबंध दिवस बोलून तिचा घसा पार बसला होता. त्याने पाय आखडून तिला खाटेवर जागा करून दिली.

“रविवारी दादा घरी असतील?” त्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. म्हणून तिने नुसती होकाराची मान हलवली.