दोन भाडेकरूंच्या मधले दिवस

भाडेकरू घर सोडून गेला की आमच्या मेरिदा शहरातले घरमालक उसासे टाकतात. मी मात्र त्या दिवशी शाळेत विज्ञानाचा तास गुणगुणत घेते.

घर मावशीचं. तिचे गुडघे दुखतात, म्हणून भाडेकरू बदलताना देखरेख माझी. सहा वर्षांपूर्वी अशाच रिकाम्या घराच्या दारात एक तरुण उभा होता. नवा भाडेकरू समजून मी त्याला दोन्ही खोल्या दाखवल्या, अंगण, आंबट संत्र्याचं झाड... अगदी पाण्याची टाकीसुद्धा.

"घर छान आहे, बाई," तो शेवटी म्हणाला, "पण मी चुना लावायला आलोय."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही इतकं मनापासून दाखवत होतात..."

तो गास्पार. ती वेळ धरून घर चारदा रिकामं झालं, आणि आम्ही चारदा भेटलो. मधल्या काळात — काहीच नाही. तो तिकडे उमान गावात राहतो, मी इथे. फोन करायला काहीतरी गळावं लागतं, आणि त्याचं भिंती-छताचं काम इतकं चोख की कधी थेंब गळला नाही.

हे पाचवं रिकामपण. आणि या वेळी मावशीने येणाऱ्या जोडप्याशी करार केला तो पाच वर्षांचा.

"देवमाणसं आहेत गं," ती म्हणाली. मला त्या देवमाणसांचा रागच आला.

आज चार वाजता ते जोडपं येणार होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र वाळल्या होत्या. उरली होती फक्त कड्यांची परीक्षा. इथे खाटेवर कोण झोपतं? भिंतीतल्या दोन कड्यांना दोऱ्यांची झोळी टांगायची आणि तिच्यात झोपायचं. कडी निसटली की कंबर गेलीच.

गास्पारने झोळी बांधली, तिच्यात बसला, दोन हिसके दिले.

"धरतेय."

"एका माणसाला," मी म्हणाले. "येणारे दोघं आहेत."

माझेच शब्द ऐकून माझे कान तापले. तो हसला नाही, फक्त बाजूला सरकला.

"मग या. वजन किती तुमचं?"

"बाईमाणसाला वजन विचारतात?"

"मला नको. भिंतीला सांगा."

मी अगदी कडेला बसले. पण झोळीला कड नसते. दोन माणसं कितीही अंतर राखून बसली तरी मध्येच घसरतात. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावते. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. दंडावर चुन्याचे वाळलेले शिंतोडे होते. आम्ही दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो, जणू तिथे काही लिहिलंय.

"पाच वर्षं," तो म्हणाला. "मावशींनी सांगितलं."

"हो."

"म्हणजे पुढच्या वेळी माझं डोकंही पांढरं झालेलं असेल. चुना न लावता."

"उगाच काहीतरी!"

"बाई..." तो थांबला. "कड्या पक्क्या आहेत. उठू मी?"

तो उठला की शिडी, बादल्या, उमानची बस. आणि मग पाच वर्षं.

"नको," मी म्हणाले. "गास्पार — घर रिकामं नसतं ना, तेव्हाही तुम्ही मला हवे असता."

झोळी हलायची थांबली. गल्लीतून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"दोन खोल्यांना चुना लावायला किती दिवस लागतात, बाई?" त्याने हळूच विचारलं.

"तीन."

"आणि मला?"

"दर वेळी नऊ."

"म्हणजे मोजत होतात!"

"मोजत होते," मी म्हणाले. "निष्कर्ष काढायची हिंमत नव्हती."

त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा तळवा कोरडा, खरखरीत होता.

दारावर थाप पडली. नवे भाडेकरू वेळेचे पक्के निघाले. आम्ही उठलो नाही... निदान दुसरी थाप पडेपर्यंत तरी.